१३७ दाणे: ऊसतोड महिलांच्या फिल्म-प्रशिक्षणाचं एक प्रकरण

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली एक वाडी आणि तिच्यापासून दीड किलोमीटरवरचा एक तांडा. दोन्हीकडच्या मिळून दहा ऊसतोड महिला, वय २३ ते ५१. चौघींना वाचता येत होतं, तिघींना सहीपुरतं, उरलेल्या तिघी अंगठा लावणाऱ्या. स्वतःजवळ राहणारा फोन एकीकडेच होता. मोबाइलवर चित्रीकरण शिकायचं आणि आपल्याच जगण्यावर दहा-बारा मिनिटांची एक फिल्म पुरी करायची, असा कार्यक्रम ठरला. मुदत एका पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. मराठवाड्यातल्या अशा कामांत जे पुन्हा पुन्हा घडतं ते एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. म्हणून गाव किंवा माणसं शोधायला जाऊ नये. तोडणीचा दर, कायदे आणि तांत्रिक बाबी मात्र खऱ्या आहेत.

असं काम नवं नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेनं १९८४ मध्येच कष्टकरी बायकांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला होता. सोलापूर-हैदराबाद महामार्गानं उमरग्याच्या पुढं गेलं की जहिराबाद लागतं. तिथल्या पस्तापूर परिसरातल्या दलित शेतकरी महिला वर्षानुवर्षं फिल्म करत आल्या आहेत आणि १५ ऑक्टोबर २००८ पासून ‘संघम रेडिओ’ही चालवतात. अक्षरओळख नसलेल्या बाईला कॅमेरा जमेल का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. तरी निधीच्या प्रत्येक बैठकीत तोच विचारला जातो. कॅमेरा जमतोच. गाडं अडतं ते संकलनाला बसल्यावर: कोणता तुकडा राहील आणि कोणता जाईल, हे कोण ठरवणार?

वेळ, जागा, मजुरी

ऊसतोडीचं वर्ष दसरा-दिवाळीला सुरू होतं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की संपतं. जून ते सप्टेंबर हे महिने बायका हमखास गावात सापडतात, पण जुलै-ऑगस्टात सोयाबीन-कापसाची खुरपणी ऐन भरात असते. सलग पाच दिवसांचं निवासी शिबिर घेतलं तर तरण्या, कमावत्या बायका येत नाहीत, सासवा येतात. म्हणून इथं आठवड्याला एकच दिवस धरला, तोही आठवडी बाजाराचा. त्या दिवशी रानातली मजुरी बंद असते आणि घराबाहेर पडायला कोणाला कारण सांगावं लागत नाही. सकाळी ११ ते दुपारी ४. पाणी आणि चुलीची वेळ दोन्ही टोकांना मोकळी.

बाजाराचा दिवस असला तरी पैसे दिले, दिवसाला ३५० रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साली ३१२ रुपये होती. त्याहून कमी देऊन कोणाला ‘शिकायला’ बोलावणं बरोबर नाही. मानधन त्याच संध्याकाळी, रोख, तिच्याच हातात. बँकेत टाकलं की पासबुक दुसऱ्याच्या खिशात असतं.

जागेचा निर्णय वरवर किरकोळ वाटतो. देवळाच्या सभामंडपात बसलं की बौद्ध आणि मातंग बायका दाराशी बसतात. विहारात घेतलं तर वाडीतल्या काही जणी ‘काम निघालं’ म्हणून येत नाहीत. तांड्यावर घेतलं तर वाडीची माणसं नाक मुरडतात. शेवटी रविवारी भरणाऱ्या बाजाराचा फायदा झाला, कारण त्या दिवशी जिल्हा परिषदेची शाळा रिकामी असते. पाण्याचा माठ एक, पेले सगळे सारखे, आणि दर दोन तासांनी जोड्या बदलायच्या. जातीवर भाषण दिलं नाही. एकीचा फोन दुसरीनं धरायचा आणि तिसरीनं माइक लावायचा, या कामातच अंतर थोडं कमी होतं. मिटत नाही, हेही खरं.

सामान

चार फोन (प्रत्येकी १२ ते १५ हजारांतले), चार ६४ जीबी मेमरी कार्डं, दोन लहान ट्रायपॉड, सहा मीटर वायरचे तीन कॉलर माइक, २०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका, एक टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क आणि एक जुना पण चालता लॅपटॉप. फोनवर १०८० दर्जाचं चित्रण मिनिटाला साधारण १२५ ते १३० एमबी जागा खातं. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर साडेसात-आठ तास बसतात. ५,००० एमएएचचा फोन त्या पॉवर बँकेवर अडीच वेळा भरतो, चार वेळा नाही. हा हिशेब आधी सांगितला नाही तर ऊसतोडीच्या फडावर तिसऱ्या दिवशी सगळं बंद पडतं, कारण कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, वीज नसते.

फोन कोणा एकीला न देता बचत गटाच्या नावावर ठेवले. घरी गेलेला फोन रात्री पोराच्या हातात जातो, गेमनं जागा भरते आणि जागा करायला म्हणून चित्रण पुसलं जातं. त्यावर तोड अशी: रोज संध्याकाळी कार्ड काढून आगपेटीत ठेवायचं. फोन एकीकडे, कार्ड दुसरीकडे. एक कार्ड तरीही गेलं. ते दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर पडद्यावर आलेल्या इंग्रजी प्रश्नाला कोणीतरी ‘हो’ केलं आणि कार्ड फॉरमॅट झालं. तेव्हापासून कार्ड आणि फोन दोघांवर एकाच रंगाची टिकली चिकटवली. लाल कार्ड लाल फोनमध्येच जाणार.

चित्र

पहिल्या दिवशी एकच धडा: फोन आडवा धरा, कोपरं पोटाशी टेकवा, मनात दहा मोजेपर्यंत हलू नका. नवशिक्याच्या हातून चित्र हलतं ते थरथरीमुळं कमी आणि घाईमुळं जास्त; डोळा पुढं गेला की हातही जातो. बोटांनी झूम करायला बंदी, जवळचं हवं असेल तर पाय उचलायचे. दुसऱ्या खेपेला एकाच कामाचे पाच तुकडे: हात, चेहरा, दोन्ही मिळून, खांद्यावरून, आणि लांबून. काम त्यांच्याच ओळखीचं घेतलं, भाकरी थापणं. ज्यांनी हे पाच तुकडे नीट घेतले, त्यांना पुढं मोळी बांधण्याचं चित्रण शिकवावं लागलं नाही.

उन्हात चेहरा काळवंडतो, कारण फोन आभाळाकडं बघून उजेड ठरवतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड तिथंच कुलूपबंद होतो. ट्यूबलाइटखाली काळे पट्टे सरकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यानं सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की ते जातात. बहुतेक स्वस्त फोनांच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसते, म्हणून ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत अॅप घातलं. चित्रण सुरू करण्याआधी विमान चिन्ह लावायचं, नाहीतर ऐन मुलाखतीत फोन वाजून रेकॉर्डिंग तुटतं.

पाटीवर लिहून शॉटला क्रमांक देणं अंगठेवाल्यांना शक्य नव्हतं. त्यांनी बोटं दाखवायची: कॅमेऱ्यासमोर तीन बोटं म्हणजे तिसरा घेतलेला तुकडा. चांगला झाला तर शेवटी तळहात, बिघडला तर मूठ. लॅपटॉपवर नुसतं पहिलं-शेवटचं चित्र पाहून निवड करता येते. शिकलेल्या मुलांच्या वहीतल्या नोंदींपेक्षा ही पद्धत भरवशाची ठरते.

आवाज

फिल्म फसते ती आवाजात. ऊसतोड महिलांच्या बाबतीत तीन अडचणी हमखास येतात. पहिली मंगळसूत्राची: कॉलर माइक छातीच्या मधोमध लावला की डोरलं त्यावर आपटत राहतं. माइक खांद्याजवळ, पदराच्या काठाला आतून, मंगळसूत्रापासून एक वीत लांब लावायचा. दुसरी काचेच्या बांगड्यांची. फोन धरणारीच्याच हातातल्या बांगड्या सगळ्यात मोठ्यानं वाजतात. ‘काढून ठेवा’ असं सवाष्ण बाईला सांगायचं नसतं. ते अपशकुनाचं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ती येत नाही. दोन्ही मनगटांना रुमाल घट्ट गुंडाळला की काम भागतं. तिसरी पाचटाची. वाऱ्यावर उसाचं पाचट इतकं सळसळतं की माणसाचं बोलणं बुडतं. माइकवर स्पंजची टोपी चढवूनही ते पुरतं जात नाही. बोलणारीला फडाच्या कडेला, वाऱ्याकडं पाठ करून बसवावं लागतं.

माइकवर फोन आणि कॅमेरा अशी दोन बाजूंची कळ असते. ती चुकली तर चित्र येतं, आवाज येत नाही. प्रत्येक मुलाखतीआधी दहा सेकंद घेऊन, इअरफोन लावून ऐकायचं, हा नियम मोडला तेव्हा अर्ध्या तासाची मुलाखत मुकी निघाली. प्रत्येक जागेचा रिकामा आवाजही अर्धा मिनिट घेऊन ठेवायचा. संकलनात दोन वाक्यं जोडताना मधली फट त्यानंच बुजते.

तांड्यावरच्या बायका मराठी बोलतात, पण मनातलं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतात. त्यांच्या मुलाखती त्यांच्यातल्याच एकीनं गोरमाटीत घेतल्या आणि मराठी अक्षरं खाली दिली. ‘मराठीत सांगा’ म्हटलं की त्याच बाईचं बोलणं तलाठ्यासमोर दिलेल्या जबाबासारखं होतं.

प्रश्न विचारण्याचा सराव तीन खेपा चालला. ‘तुमच्यावर अन्याय होतो का?’ या प्रश्नाला ‘होतो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘काल पहाटे उठल्यावर आधी काय केलं, मग काय?’ असं विचारलं की बाई वीस मिनिटं बोलते.

विषय कोणाचा

निधी देणाऱ्यांच्या मनात विषय पक्का होता: गर्भपिशवी. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, राज्य शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तेव्हापासून बीडच्या बाईकडं कॅमेरा घेऊन येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. गटातल्या दोघींची पिशवी काढलेली होती. पण विषय निवडताना, ओळीनं सगळ्यांनी बोलायचं ठरल्यावर, आठ जणींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितली: आपण किती ऊस तोडला आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, किती फिटली, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतो नवरा, सही त्याची, हिशेब त्याच्या आणि मुकादमाच्या तोंडी. कोयत्यातला निम्मा हात बाईचा, आणि वहीत तिचं नावच नाही. ही तक्रार प्रशिक्षकांना सुरुवातीला कोरडी वाटली. आकड्यांवर कोण फिल्म करतं? तेच पुढं फिल्मचा कणा झालं.

हिशेब असा मांडला गेला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन तोडले तर ७३२ रुपये. एक लाखाची उचल फिटायला त्या हिशेबानं १३७ दिवस. एक दिवस म्हणजे ज्वारीचा एक दाणा, असं ठरवून घोंगडीवर १३७ दाणे मोजून ठेवले. मग एकेकीनं आपापला हंगाम सांगायचा. दर आठवड्याचा बाजार मुकादमाकडून उचलून घेतला, तर दाणे वाढवा. गाडी आली नाही म्हणून बसून काढलेला दिवस म्हणजे तेवढे दाणे फिटायचे राहिले. खाडा पडला तर त्या दिवसाचा दाणा तर फिटत नाहीच, वर ५०० रुपये कट, म्हणजे जवळजवळ पाऊण दाणा आणखी. पट्टा पडेपर्यंत घोंगडीवर दाणे उरलेलेच, आणि ते पुढच्या वर्षीच्या उचलीत जातात. चित्रीकरण चालू असतानाच दोघींना पहिल्यांदा कळलं की आपल्या घरची उचल किती आहे.

फडावर

ऑक्टोबरअखेर गट फुटला. एक जण टोळी लवकर निघाली म्हणून मध्येच गेली, एकीला नवऱ्यानं थांबवलं. आठ उरल्या, त्या तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या भागात. दोन-तीन जणींत एक फोन, एक कार्ड, आणि काय घ्यायचं नाही याची तोंडपाठ यादी: मुकादमाचा चेहरा, गाडीचा नंबर, कारखान्याची पाटी, वजनकाटा, वहीचं पान. काट्याचं चित्रण त्यांना हवं होतं, पण कारखान्याच्या आवारात परवानगीवाचून कॅमेरा नेला तर टोळीवर संकट येतं, आणि टोळीला काम नाकारलं तरी उचलीचा तगादा राहतोच. चांगल्या दृश्यासाठी हा धोका प्रशिक्षकानं सुचवूही नये.

पहाटे तीन-चारला काम सुरू होतं, तेव्हा ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात घेतलेले तुकडे दाणेदार आले आणि तरी ठेवले. कोपीच्या आत अंधार असतो. बाईला दारात बसवून बाहेरचा उजेड एका बाजूनं घेतला की पुरतो. मार्चच्या दुपारी फोन तापून बंद पडतो, त्याला ओल्या फडक्यात नाही, सावलीतल्या रिकाम्या डब्यात ठेवायचं.

एकीनं आपल्या पंधरा वर्षांच्या पुतणीच्या ठरलेल्या लग्नावर बोलकं चित्रण करून आणलं. ते वापरता येत नव्हतं. अल्पवयात लग्न लागण्याचा धोका असलेलं मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं, आणि अशा मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ची मनाई आहे. चेहरा धूसर करूनही उपयोग नाही, कारण चुलती बोलते आहे आणि अंगण दिसतं आहे. तुकडा बाजूला ठेवला आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवायचं की आधी घरात बोलायचं, यावर त्या बाईबरोबर वेगळं बसावं लागलं. कॅमेरा शिकवणाऱ्या गटाकडं बालसंरक्षण कक्षाचा संपर्क आधीपासून हवा, तो अशा वेळेसाठी.

चटईवरचं संकलन

एप्रिलमध्ये सात तासांचं चित्रण जमा झालं. लॅपटॉपवर चढवताच आवाज आणि ओठ जुळेनात: पहिल्या मिनिटाला ठीक, आठव्या मिनिटाला अर्धा सेकंद मागे. फोन चित्रण करताना फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतात, त्याचा हा परिणाम. सगळ्या फाइली ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या वेगाच्या करून घेतल्या, मग संकलन सुरू केलं. हे दोन रात्रींचं काम आहे, आणि ते आधी करायचं असतं.

एरवी याच टप्प्यावर बायका घरी जातात आणि शहरातला संकलक फिल्म ‘लावून’ आणतो. इथं प्रत्येक वापरण्याजोग्या तुकड्याचं एक चित्र पोस्टकार्डाएवढं छापलं, साधारण १४० चित्रं, आणि पाठीमागं लॅपटॉपमधला क्रमांक. चित्रं चटईवर पसरली. जिचं चित्रण तिनं तुकडा काय आहे ते सांगायचं, बाकीच्यांनी ठेवा किंवा काढा म्हणायचं. ठेवलेली ओळीनं मांडायची. एका ओळीतून दोन चित्रं उचलून अदलाबदल केली की गोष्ट कशी फिरते, हे डोळ्यांना दिसतं. वाचता येण्याची गरजच पडत नाही. मुलाखतींसाठी चित्राबरोबर एक खडा, खडे जितके तितकी मिनिटं. पहिल्या मांडणीत ३१ खडे झाले, आणि मग खडे उचलण्यावरून खरी भांडणं झाली. ती होऊ दिली. प्रशिक्षकाचं काम फक्त मांडलेली ओळ ‘व्हीएन’ अॅपमध्ये तशीच लावून संध्याकाळी दाखवणं. दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा मोडली जायची.

पार्श्वसंगीताला सिनेमाची गाणी हवी होती, ती हक्कांमुळं घेता येत नाहीत. वाडीतल्या एका आजींनी जात्यावर बसून तीन ओव्या म्हटल्या आणि जात्याची घरघर दाण्यांच्या दृश्याखाली घातली. कामाला ते संगीत जास्त शोभतं, असं स्पष्ट मत नोंदवून ठेवतो.

मागे घेतलेली संमती

पिशवी काढलेल्या दोघींपैकी एकीनं मुलाखत दिली होती, कॅमेऱ्यासमोर तोंडी संमतीही दिली होती. पण पद्धत दोन संमतींची होती: एक चित्रणाआधी आणि दुसरी स्वतःला जुळवलेल्या फिल्ममध्ये पाहिल्यावर. दुसऱ्या वेळी तिनं नको म्हटलं. मुलीची सोयरीक चालू होती. निधी देणाऱ्यांनी चेहरा धूसर करून, आवाज बदलून ठेवा असं सुचवलं. परक्यासाठी ते चालतं. वाडीत मात्र लुगडं, चालणं, मागची भिंत यावरूनच माणूस ओळखू येतो. पूर्ण मुलाखत काढली, दोन्ही डिस्कवरून पुसली, आणि पुसताना ती स्वतः शेजारी बसली होती.

ती गेल्यानं फिल्मला भोक पडेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण दाण्यांच्या दृश्यात, नाव न घेता, दुसऱ्याच एकीनं महिन्याच्या चार दिवसांतले खाडे मोजले आणि सहा महिन्यांचे दाणे शेजारी मांडले. बाई पिशवी का काढते, हे त्या ढिगाकडं बघून कळतं.

दाखवणं आणि हक्क

११ मिनिटांची फिल्म आधी आठ जणींनी पाहिली, मग त्यांच्या घरच्यांनी, मग गावानं शाळेच्या भिंतीवर. मधली पायरी गाळली तर नवऱ्याला आपल्या उचलीचा आकडा चारचौघांत कळतो आणि त्याचा राग घरी निघतो. एकानं आकडा बदलायला लावला. बदलला, एका घराची उचल दाखवणं हा फिल्मचा हेतू नव्हता, म्हणून सगळीकडं एक लाख हाच नमुना आकडा ठेवला. गावातल्या खेळाला दोन मुकादम आले होते. त्यांनी दर बरोबर असल्याचं सांगितलं आणि खाड्यावर वाद घातला.

कॉपीराइट कायदा, १९५७ फिल्मचा कर्ता म्हणून निर्मात्याला मानतो, म्हणजे जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो त्याला. लेखी काही नसेल तर पैसा देणारी संस्था आपोआप तिथं जाऊन बसते. इथं करारात आठही जणींना संयुक्त निर्माते म्हणून लिहिलं, संस्थेला तीन वर्षं, फक्त भारतात, विनातिकीट दाखवण्याचा परवाना दिला. मुदत आणि प्रदेश आकड्यानिशी लिहिणं भाग आहे. कलम १९ नुसार हस्तांतरणात ते लिहिलं नाही तर मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरला जातो. करार मराठीत, मोठ्यानं वाचून, वाचनाचं ध्वनिमुद्रण करून. इंटरनेटवर टाकायचं तर आठांपैकी आठ जणींचा होकार हवा. सहा तयार होत्या, म्हणून फिल्म अजून टाकलेली नाही.

एक डिस्क संस्थेच्या कपाटात आहे, दुसरी बचत गटाच्या पेटीत. फोनांपैकी दोन बंद पडले. चालू असलेल्या दोनांवर तिघी जणी आता हळदी-लग्नाचं चित्रण घेतात. पुढच्या तुकडीच्या अंदाजपत्रकात संकलनाचे दिवस चारवरून दहा केले आहेत आणि त्या दिवसांची मजुरी चित्रीकरणाच्या दिवसांइतकीच धरली आहे. पहिल्या अंदाजपत्रकात ती निम्मी होती, बसून करायचं काम म्हणून.